बर्फाच्या कारखान्याची नाडी कोणी पाहायची?

पावसाळी मासेमारीबंदी उठण्याचे दिवस जवळ आले की बंदरावरचे बर्फाचे कारखाने पुन्हा धडधडू लागतात. गप्प पडलेल्या यंत्रांना तेलपाणी होते, खाऱ्या पाण्याच्या टाकीत डबे सोडले जातात आणि बर्फाच्या पहिल्या लाद्या बाहेर पडतात. त्याच सुमारास आसपासच्या वस्तीत एक ओळखीचा वास येतो. नाकात झिणझिण्या आणणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. "कारखाना चालू झाला वाटतं," असे म्हणत लोक खिडकी लावून घेतात आणि कामाला लागतात.

अशाच एका हंगामाच्या सुरुवातीला पन्नाशीचे एक ऑपरेटर आमच्या दवाखान्यात आले. उजवा डोळा लालबुंद, पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा. यंत्रातले तेल काढताना तेलामागून एकदम गॅस आला आणि तोंडावर बसला. "नेहमीचंच आहे हे, डॉक्टर. थेंब द्या, संध्याकाळी पाळी आहे," असे त्यांचे म्हणणे. डोळा धुऊन, तपासून झाल्यावर मी सहज विचारले, "काका, या यंत्राची तपासणी कधी झाली होती?"

"मिस्त्री येतो की दरसाल."

"तो दुरुस्तीला येतो. तपासायला कोण येतं?"

"तोच दुरुस्त करतो, तोच तपासतो. आणि कोण येणार?"

आरोग्याच्या सदरात बर्फाचा कारखाना कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण त्यांच्या या शेवटच्या प्रश्नात कामगारांच्या आणि कारखान्याला लागून राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या जिवाचा प्रश्न आहे.

यंत्राचा रक्तदाब

बर्फाचा कारखाना, मासळी गोठवण्याचा प्रकल्प, दूधशीतकरण केंद्र, द्राक्षे-बेदाण्याची किंवा बटाट्याची मोठी शीतगृहे, या बहुतेक ठिकाणी थंडावा निर्माण करण्याचे काम अमोनिया हा वायू करतो. (घरातल्या फ्रिजमध्ये अमोनिया नसतो. तेव्हा हा लेख वाचून कोणी फ्रिजकडे संशयाने पाहू नये.) अमोनिया स्वस्त आहे, उष्णता शोषून घेण्यात फार तरबेज आहे आणि ओझोनच्या थराला त्यापासून अपाय नाही. म्हणून दीडशे वर्षांच्या आसपास तो या धंद्यात टिकून आहे, आणि पुढेही टिकेल. तो काढून टाका असे सांगण्याचा माझा हेतू नाही.

साध्या दाबाला हा द्रव उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. यंत्रात तो एका बाजूला वाफ होऊन खाऱ्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो, तिथे तो पुन्हा द्रव होतो आणि रिसीव्हर नावाच्या टाकीत साठतो. आपल्याकडच्या उकाड्यात कंडेन्सरच्या बाजूचा दाब दर चौरस इंचाला सुमारे २०० पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या चाकात हवा भरतात ती ३० पौंडांच्या आसपास. म्हणजे कारखान्याच्या त्या रंगवलेल्या टाकीत चाकाच्या सहापटीहून अधिक दाब रात्रंदिवस कोंडलेला असतो. एक लिटर द्रव अमोनिया मोकळा सुटला तर त्याचा साडेआठशे लिटरांच्या घरात वायू होतो.

रक्तदाबाच्या रोग्याला आम्ही सांगतो की तुम्हाला काही होत नाही, याचा अर्थ दाब नॉर्मल आहे असा नाही. रक्तवाहिनी आतून झिजत असते आणि बाहेर चेहरा टवटवीत असतो. लोखंडी टाकीचेही तसेच असते. वरून चांदीसारखा रंग आणि आत गंजाने अर्धा झालेला पत्रा. खाऱ्या हवेच्या किनारपट्टीवर तर हे फार लवकर घडते. थंड नळांवर थर्माकोल व डांबराचे जे आवरण असते त्याला कुठे फट पडली की दमट हवा आत शिरते, तिचे पाणी होते आणि आवरणाखाली, कोणाच्या नजरेला न पडता, नळ कुरतडला जातो.

श्वासाबरोबर आत गेल्यावर

अमोनियाला पाण्याची विलक्षण ओढ आहे. शरीरात ओलावा जिथे जास्त तिथे तो आधी धावतो, म्हणजे डोळे, नाक, घसा आणि श्वासनलिका. ओलाव्यात विरघळून त्याचा तीव्र क्षार बनतो. आम्लाने भाजले तर जळालेल्या मांसाचा एक थर बनतो व तोच पुढची इजा थोडीफार रोखतो. क्षाराचे तसे नाही. तो पेशींतली चरबी विरघळवत आत-आत उतरत जातो. म्हणून अमोनिया गेलेला डोळा पहिल्या तासाला बरा दिसला तरी दोन दिवसांनी बुबुळ पांढुरके झालेले आढळू शकते.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग, इतके प्रमाण आठ तासांच्या कामासाठी कमाल मानतात. ३०० भागांना जीवाला तत्काळ धोका समजतात. काही हजार भाग झाले की घशाला सूज येऊन श्वासमार्ग मिनिटांत बंद होऊ शकतो. कोंदट खोलीत हे प्रमाण हवेच्या १५ टक्क्यांवर गेले तर ठिणगीने स्फोटही होतो.

"वास आला की कळतंच की" हा युक्तिवाद मला अनेकांनी ऐकवला आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. नवख्या माणसाला अगदी थोडा अमोनियाही जाणवतो. पण रोज त्याच हवेत काम करणाऱ्याचे नाक सरावते आणि सौम्य गळतीची सूचना देणे बंद करते. जुने कामगार गंधकाची वात पेटवून नळांच्या सांध्यांजवळून फिरवतात. गळती असेल तिथे पांढरा धूर होतो. युक्ती चांगली आहे. पण ती आज कुठे गळते आहे ते सांगते. पत्रा किती उरला आहे आणि उद्या कुठे फुटेल, ते वातीला कळत नाही.

फर्नीची बर्फाची रिंगणे

दूरदेशीचे एक उदाहरण देतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांत फर्नी नावाचे छोटे गाव आहे. थंडीत बर्फावर खेळायचे मैदान तिथे नगरपालिकेनेच छताखाली बांधले होते. त्याचा बर्फ करण्याची पद्धत आपल्या बर्फाच्या कारखान्यासारखीच. चिलरमध्ये अमोनियाच्या संगतीत खारे पाणी गार करायचे आणि ते थंडगार खारे पाणी मैदानाखालच्या नळांतून फिरवायचे.

यातला एक चिलर जुना झाला होता. तो बदलावा असे देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराने २०१० मध्येच सुचवले होते. अंदाजपत्रकात तरतुदीचा विषय आला आणि पुढे ढकलला गेला. (हे वाचून आपल्यापैकी अनेकांना आपापल्या नगरपालिका आठवतील.) २०१७ मध्ये खाऱ्या पाण्यात अमोनिया सापडला. म्हणजे चिलरच्या आतली एखादी नळी गळते आहे, हे उघड झाले. तरीही हंगाम सुरू होताना तो चिलर चालू करण्यात आला. १७ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे धोक्याचा इशारा वाजला. यंत्र बंद करून चिलर वेगळा काढण्यात आला. पण आतली गळती चालूच होती, आणि खाऱ्या पाण्याच्या बंदिस्त नळांत दाब चढत गेला. दुपारच्या सुमारास नळाचा एक जोड निसटला आणि यंत्रखोलीत अमोनियाचा लोट आला. नगरपालिकेचे दोन कर्मचारी आणि दुरुस्तीसाठी आलेला एक तंत्रज्ञ असे तिघे तिथेच मरण पावले. आसपासची घरे रिकामी करावी लागली.

त्या प्रांतात दाबाच्या यंत्रांवर देखरेख करणारी एक स्वतंत्र संस्था आहे. मैदान तिच्या मालकीचे नाही, यंत्रे ती विकत नाही, दुरुस्तीही करत नाही. तिने तो चिलर कापून, नळ्या तपासून २०१८ च्या जुलैत अहवाल दिला. नळीच्या जोडरेषेत गंजाने एक बारीक छिद्र पडले होते. एवढ्या छिद्राने तीन माणसे गेली. पण अहवालाचा रोख छिद्रावर कमी आणि निर्णयांवर अधिक होता. गळती माहीत असूनही यंत्र चालवायचे कोणी ठरवले, ते थांबवायचा अधिकार कोणाला होता, यावर.

फर्नीत यंत्रे जाणणारे लोक नव्हते असे नाही. मेलेला तंत्रज्ञ तर त्याच धंद्यातला होता. पण ज्याला मैदान वेळेवर सुरू करायचे आहे आणि ज्याला मालकाकडून कंत्राट टिकवायचे आहे, त्याच्या तोंडून "आज चालू करू नका" हे वाक्य सहजासहजी निघत नाही. आपल्याकडच्या बंदरावर होड्या बर्फासाठी रांगेत उभ्या असताना ते कोणाच्या तोंडून निघेल?

तपासणारा निराळा हवा

शस्त्रक्रिया करणारा सर्जन काढलेली गाठ स्वतः तपासून कर्करोग नाही असा निर्वाळा देत नाही. ती पॅथॉलॉजिस्टकडे जाते. सर्जनवर अविश्वास म्हणून नव्हे. माणूस स्वतःच्या कामातली चूक पाहायला कमी पडतो म्हणून. यंत्रांच्या बाबतीत हा धडा जगाने वाफेच्या बॉयलरांपासून घेतला. इंग्लंडातल्या गिरण्यांत बॉयलर फुटून माणसे मरू लागली, तेव्हा १८५४ मध्ये मँचेस्टर भागातल्या कारखानदारांनीच पुढाकार घेऊन तपासणीसाठी संस्था काढली. पुढे बॉयलरचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या आपले अभियंते तपासणीला पाठवू लागल्या. बॉयलर फुटला तर पदरचे पैसे जाणार, त्यामुळे त्यांची नजर आपोआप कडक राहिली. ब्रिटनमध्ये आजही दाबाच्या यंत्रांची तपासणी बरीचशी विमा कंपन्यांचे अभियंते करतात, आणि तपासणारा यंत्र चालवणाऱ्याच्या हितसंबंधांपासून पुरेसा अलिप्त असावा, अशी तिथली अपेक्षा आहे.

आपल्याकडेही तरतूद नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३१ वे कलम दाबाच्या यंत्रांसाठीच होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात 'सक्षम व्यक्ती'ची व्याख्या आली. अशा चाचण्या-तपासण्यांसाठी मुख्य निरीक्षकाने मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था, असा तिचा अर्थ. राज्याच्या नियमांत दाबाच्या टाक्यांची सहा महिन्यांतून एकदा बाहेरून आणि वर्षातून एकदा आतून तपासणी सांगितली होती. आतून पाहणे शक्य नसेल तर पाण्याच्या दाबाची चाचणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने घेतली. 'सक्षम व्यक्ती' मात्र त्या संहितेतही आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे, सक्षम व्यक्तीची फी मालकच देतो. पुष्कळ जण चोख काम करतात, हे मी जाणतो. पण टेबलावर बसून, मागच्या वर्षीच्या तारखेपुढे या वर्षीची तारीख घालून दिलेला दाखला आणि टाकीवर चढून दिलेला दाखला, दोन्ही भिंतीवर चौकटीत सारखेच दिसतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर वाटते. कारखाना ठरतो तो मुख्यतः माणसे मोजून. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची अट होती, नव्या संहितेत ती वीस झाली. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतली अमोनियाची खालची मर्यादा ६० टनांची आहे. बर्फाचा छोटा कारखाना सात-आठ माणसांवर चालतो आणि त्यात अमोनिया असतो तो थोडाच. म्हणजे तो माणसांच्या मोजणीत बसत नाही आणि टनांच्याही नाही. धोक्याच्या कामात, माणसे कमी असली तरी, कायदा लागू करण्याचे अधिकार सरकारला आहेत. ते वस्तीतल्या बर्फाच्या कारखान्यांसाठी वापरावेत, अशी मागणी कोणी तरी केली पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये जालंधर शहरातल्या एका बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटून एकाचा जीव गेला, ती जागाही भरवस्तीतलीच होती.

खरी तपासणी कशी ओळखावी

तपासणारा आला तर तो काय करतो, हे कामगारांनाही ठाऊक असावे. तो रंग आणि आवरण काही ठिकाणी खरवडून काढायला लावेल. आम्ही पोटाची सोनोग्राफी करतो त्याच तत्त्वावरचे, हातात मावणारे एक यंत्र टाकीला लावून पत्र्याची जाडी किती मिलिमीटर उरली आहे ते मोजेल आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहील. मागची नोंदच नसेल तर तेही लिहील. ज्या टाकीची पाण्याने चाचणी घ्यायची ती रिकामी करून, पाण्याने भरून, चालू दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाहतात. पाणी वायूसारखे दबत नाही, त्यामुळे टाकी कच्ची निघाली तर ती गळते, बॉम्बसारखी उडत नाही. चाचणीनंतर टाकी पूर्ण कोरडी करावी लागते, यात दिवस मोडतात. म्हणूनच हे काम कारखाना बंद असतानाच्या महिन्यांत व्हायला हवे. लाद्यांची मागणी सुरू झाल्यावर कोणी टाकी रिकामी करत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह तर त्याने आधी पाहावा. दाब मर्यादेबाहेर गेला तर आपोआप उघडून जास्तीचा वायू उंचावर सोडण्यासाठी तो असतो. तो "फुसफुसतो" म्हणून त्याच्या खालचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. दुखते म्हणून नाडीच बांधून टाकण्यासारखा हा प्रकार. अमेरिकेत अमोनियाच्या यंत्रांवरचे असे व्हॉल्व्ह साधारण पाच वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे काही व्हॉल्व्ह यंत्राबरोबर आले आणि यंत्राबरोबरच जातील. दाबमापकाचा काटाही खरे बोलतो की नाही, हे दुसऱ्या तपासलेल्या मापकाशी ताडून बघावे लागते. काच फुटलेला, काटा एकाच जागी अडकलेला मापक तर मापकच नव्हे.

नळांची बंद टोके आणि जुने जोडही सुटता कामा नयेत. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी चीनमध्ये शांघायच्या एका शीतगृहात नळाच्या टोकावरचे झाकणच उडाले आणि अमोनियाने १५ माणसे मेली. ते झाकण नीट जोडलेले नव्हते.

आणि तेल काढण्याची जागा. कॉम्प्रेसरचे तेल अमोनियात मिसळत नाही, ते तळाला साठते व अधूनमधून काढावे लागते. तेल संपले की मागोमाग अमोनिया येतो. त्या जागी हात सोडताच आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह असेल तर माणूस गांगरून पळाला तरी गळती थांबते. आमच्या ऑपरेटरकाकांच्या कारखान्यात साधा फिरकीचा व्हॉल्व्ह होता. वायू तोंडावर आल्यावर तो फिरवून बंद करायला ते तिथेच थांबले, आणि डोळ्यावर बेतले. हा बदल सुचवायला दरसाल येणारा मिस्त्री पुरे होता. पण त्याला ते कोणी विचारले नव्हते आणि न विचारता सांगण्याचे त्याला कारण नव्हते.

कारखान्याशेजारी राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीमार्फत किंवा थेट औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. शेवटची तपासणी कोणी केली, कोणत्या तारखेला, आणि टाकीची जाडी किती भरली? आकडा मागावा. "सर्व ठीक आहे" हे उत्तर नव्हे.

गळती झालीच तर

वाऱ्याला आडवे जाऊन लोटाच्या बाहेर पडावे, मग वारा येतो त्या दिशेला सरकावे. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी गळतीच्या वेळी त्याचे थंड धुके जमिनीलगत पसरते, म्हणून खोलगट जागा टाळावी. ओला रुमाल नाकातोंडावर धरल्याने बाहेर पडेपर्यंत थोडा आधार मिळतो. पण त्या रुमालाच्या भरवशावर कोणाला वाचवायला आत शिरू नये. त्यासाठी पाठीवर हवेची टाकी असलेला मुखवटा लागतो, आणि तो वापरण्याचा सराव लागतो. हवेतल्या लोटावर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. जमिनीवर सांडलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी ओतू नये, त्याने वायू अधिकच उसळतो.

डोळ्यांत गेला तर जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान वीस मिनिटे धुवावे. लिंबू, व्हिनेगर असले काही घालू नये. ऑपरेटरकाकांचा डोळा वाचला तो माझ्या थेंबांनी नव्हे. बरोबरच्या पोराने त्यांना दवाखान्यात पळवण्याआधी मासळी धुण्याच्या नळाखाली धरून ठेवले होते, त्यामुळे. कपड्यांवर द्रव पडला असेल तर पाणी ओतत कपडे काढावेत, पण कापड गोठून कातडीला चिकटले असेल तर ओढू नये, पाण्याने सुटू द्यावे.

या वायूवर उतारा देणारे औषध नाही. प्राणवायू, श्वासमार्गाची काळजी आणि देखरेख हाच उपचार. आवाज बसला, गिळताना दुखू लागले किंवा श्वासाला घरघर लागली तर घशाला सूज येत आहे असे समजून रोग्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे, आणि तिथे पोहोचताच 'अमोनिया' हा शब्द सांगावा. जोराची बाधा झालेला माणूस दोन तासांनी बरा वाटतो म्हणून घरी जातो, आणि फुप्फुसांत पाणी साठू लागते ते रात्री. म्हणून चोवीस तास त्याला एकटे ठेवू नये. दम लागला तर सकाळची वाट पाहू नये.